कायमचा पत्ता

विम्याच्या प्रपोजल फॉर्मवर दोन पत्ते लिहावे लागतात. एक पत्रव्यवहाराचा, दुसरा कायमचा. पहिला माणसं न अडखळता सांगतात. घर नंबर, गल्ली, कोणत्या दुकानामागं, कोणत्या मारुतीसमोर. दुसऱ्या रकान्यावर पेन टेकलं की समोरचा माणूस जरा सरसावून बसतो. "कायमचा ना? लिहा. मुक्काम पोस्ट अमुक, तालुका पालम." हा माणूस तीस वर्षांपासून वसमत रोडला राहतो. लेकरं इथंच जन्मली, इथंच शाळेत गेली. दोन मजली घर बांधलंय, वर भाडेकरू आहेत. पालम तालुक्यातल्या त्या गावात त्याचं एक पडकं माळवद आहे आणि त्या माळवदाच्या वाटणीवरून भावासोबत कोर्टात दावा चालू आहे. पण कायमचा पत्ता तोच.

मी बावीस वर्षांपासून परभणीत विम्याची एजंट आहे. किती फॉर्म भरले याचा हिशेब नाही, पण दुसऱ्या रकान्यात काय लिहिलं जातं ते मला आता तोंडपाठ झालंय. सोनपेठ, पूर्णा, जिंतूर, सेलू, औंढा, वसमत. परभणीत राहणारा माणूस परभणीचा निघाला तर मलाच नवल वाटतं. परभणी हा सगळ्यांचा पत्रव्यवहाराचा पत्ता आहे. कमवायचं परभणीत, फ्लॅट घ्यायचा पुण्यात आणि माती गावाकडं. माझ्या कितीतरी पॉलिसीधारकांचं आयुष्य या तीन मुक्कामांत बसतं. मला ते कसं कळतं, विचारू नका. हप्ता परभणीतून येतो, नॉमिनी पुण्यात राहतो आणि क्लेमच्या वेळी मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीचा निघतो.

यात मी कुणाला नावं ठेवत नाही. ठेवायची तर सुरुवात माझ्यापासूनच करावी लागेल. 2003 साली एजन्सीचा माझा स्वतःचा फॉर्म भरताना मी त्याच रकान्यावर अडकले होते. डेव्हलपमेंट ऑफिसर साहेब म्हणाले, "मॅडम, इतका विचार? तुमचं गाव कोणतं ते टाका." तेच तर येत नव्हतं.

माझा जन्म 1976चा, परभणीतलाच. कृषी विद्यापीठाच्या क्वार्टरमध्ये मी वाढले. विद्यापीठ 18 मे 1972 रोजी स्थापन झालं, माझे वडील 1974 साली तिथं प्रक्षेत्रावर लागले. भेंडीच्या प्लॉटवर त्यांची पुष्कळ वर्षं गेली. हळद्या रोग पडलेलं झाड उपटायचं, मोजायचं, वहीत लिहायचं, असं ते काम. ऐंशीच्या दशकात तिथून 'परभणी क्रांती' नावाची भेंडी बाहेर पडली, तिच्यावर हळद्या सहसा येत नसे. एकदा रेल्वेत उत्तर प्रदेशातला एक शेतकरी शेजारी बसला होता. मी परभणीची म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. "भिंडीवाली परभनी?" बियाण्याच्या पाकिटावरून त्याला आमचं शहर माहीत होतं. परभणीचं नाव ऐकून कुणी खूश झाल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं. घरी येऊन वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "ती भेंडी आता त्याच्याकडची झाली."

क्वार्टर ही मोठी चमत्कारिक जागा असते. दाराशी लिंबाचं झाड आपण लावायचं, पाणी आपण घालायचं, भिंतीला चुना सरकारचा. काळ्या कमानीतून आत गेलं की आमचं जग वेगळं होतं. प्राध्यापकांची मुलं अकोल्याची, राहुरीची, कोकणातली. त्यांच्या मराठीत आमची मराठी मिसळून एक तिसरीच भाषा झाली होती. गावातल्या शाळेत गेले की मुली म्हणायच्या, 'कॉलनीची पोरगी', म्हणजे शिष्ट. कॉलनीत प्राध्यापकांच्या बायका म्हणायच्या, 'मजुराची पोरगी बरी बोलते.' नियमाप्रमाणे 2008 साली वडील निवृत्त झाले आणि क्वार्टर रिकामं झालं. मी हप्त्यांच्या कामानं आजही त्या रस्त्यानं जाते. लिंब आहे. त्याच्या बुंध्याला कुणीतरी मोटारसायकल साखळीनं बांधून ठेवतं.

मग वडिलांचं गाव? ते जिंतूर तालुक्यातलं. पूर्णेवरचं येलदरीचं धरण 1968 साली पूर्ण झालं, त्याच्या पाण्यात गेलं. गाव उठलं तेव्हा वडील बारा-तेरा वर्षांचे होते. मोबदला किती मिळाला, नवी जागा कुठं मिळाली, याबद्दल घरात कधी बोलणं निघालं नाही. 'गाव कोणतं?' असं कुणी विचारलं की वडील म्हणायचे, "येलदरीकडचं." 'येलदरीतलं' हा शब्द त्यांनी टाळलेला होता.

2016च्या उन्हाळ्यात धरण आटलं. लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं ते दिवस. धरणाच्या पोटातल्या भिंती वर आल्यात, असं कुणीतरी वडिलांना सांगितलं. ते स्वतःहून म्हणाले, "बाई, चल एकदा." एसटीनं जिंतूर, तिथून जीपनं पुढं. काठावर उतरलो. भेगाळलेल्या गाळातून चालत गेलो. एक विहिरीचं कडं दिसत होतं, दगड जागच्या जागी. वडील त्या कड्याजवळ उभे राहिले आणि तिथून पावलं मोजायला लागले. चाळीस पावलं चालून थांबले. "हितं उंबरा." मग इकडं-तिकडं पाहिलं. परत विहिरीपर्यंत आले, पुन्हा मोजलं, यावेळी थोडं डावीकडं. "न्हाई. ह्या अंगाला." तिसऱ्यांदा मोजायला गेले आणि मध्येच थांबले. बारा वर्षांच्या पोराची पावलं लहान असतात, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. आम्ही त्या कड्याच्या सावलीला बसून भाकरी खाल्ली. "चल," म्हणाले, "बस जाईल."

परभणीला पूर्वी राहटीच्या बंधाऱ्यावरून पाणी यायचं, आता येलदरीतून येतं. आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी नळ येतो, बहुतेक रात्री-अपरात्री. वडील 2019 साली गेले, त्यांनी हे पाहिलं नाही. पण टाकी भरताना माझ्या मनात दर वेळी येतंच : आमचं गाव आलं.

लग्न 1998 साली झालं आणि मी परभणीतून परभणीत आले. विद्यापीठाचा पिनकोड 431402, नानलपेठेतल्या सासरचा 431401. माझं लग्न म्हणजे शेवटच्या आकड्यातून एक वजा. बाकी मुलींना माहेर दूर म्हणून रडू येतं, मला माहेर फार जवळ म्हणून जाता येत नव्हतं. "रोज दिसतंय की माहेर, राहायला कामून जायचं?" असं सासूबाई म्हणायच्या आणि त्यांचं चुकत नव्हतं. एका रेशन दुकानातून नाव कमी झालं, चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या दुकानात लागलं. आडनाव बदललं. मतदान केंद्र बदललं. शहर तेच राहिलं आणि त्या शहरात मी नव्यानं पाहुणी झाले.

सासर मात्र परभणीचं असेल असं मला वाटलं होतं. जुनी पेठ, जुना वाडा, दगडी ओटा. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी आलं आणि सासऱ्यांनी ओळख करून दिली : "आम्ही मूळचे मानवतचे." मानवत परभणीहून तासाभराच्या अंतरावर आहे. कापसाची जुनी बाजारपेठ, सासऱ्यांच्या वडिलांची तिथं आडत होती. सासऱ्यांनी 1961 साली मानवत सोडलं, 1974 साली तिथलं घर विकलं. तरी शेवटपर्यंत प्रत्येक कागदावर मानवत. एकदा धीर करून विचारलं, "मामा, आता तिथं आपलं काय आहे?" ते म्हणाले, "तिथं काय नसलं तरी तिथले आहोत. इथं सगळं आहे, पण इथले कसे?" हे त्यांना अगदी सरळ वाटत होतं.

आमच्याकडं 'गाव कोणतं?' हा प्रश्न माणसाची जात, भावकी, सोयरीक, शेती, सगळं एका दमात विचारण्याचा सभ्य मार्ग आहे. 'परभणी' हे त्याचं उत्तर होऊच शकत नाही. समोरचा लगेच म्हणतो, "परभणीत राहता हो, पण मूळ?" हे 'मूळ' सापडेपर्यंत चहा पुढं येत नाही. मी लोकांना येलदरी सांगून पाहिलं, मानवत सांगून पाहिलं. येलदरी म्हटलं की हळहळतात, मानवत म्हटलं की कुणाकुणाची नावं घेतात आणि मला ती माणसं ओळखीची असल्यासारखी मान हलवावी लागते.

आणि हे मूळ म्हणजे काय, ते तरी कुठं स्थिर आहे? सासरे जन्मले ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात. 17 सप्टेंबर 1948 रोजी मराठवाडा मुक्त झाला. 1956 साली ते मुंबई राज्यात गेले, 1960 साली महाराष्ट्रात. यातलं एकही स्थलांतर त्यांनी जागचं हलून केलं नव्हतं. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा वसमत-कळमनुरीकडच्या किती माणसांच्या कायमच्या पत्त्याची शेवटची ओळ एका रात्रीत बदलली. त्यांच्या जुन्या पॉलिसींवर 'जि. परभणी' आहे, नव्यांवर 'जि. हिंगोली'. शेत तेच, बांध तोच. तरी ते परभणीला नाही म्हणतात आणि त्या बांधाला हो म्हणतात.

आमच्या शहराबद्दल दोन म्हणी आहेत, दोन्ही तुम्ही ऐकल्या असतील. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' आणि 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. पहिली म्हण परभणीतला माणूस बाहेर गेल्यावर छाती काढून म्हणतो. दुसरी, बाहेरचा माणूस इथं आल्यावर नाक मुरडून. एकीत यमक जुळण्यापलीकडं मला काही सापडलेलं नाही, दुसरीत आम्ही म्हणजे कुठंच जमलं नाही तर उरलेली जागा. इथं राहणाऱ्या माणसाला रोजच्या वापरासाठी एखादी म्हण कुणी केली नाही.

या जिल्ह्यातली मोठी माणसं पाहिली तरी तोच प्रकार. गंगाखेडची जनाबाई आम्हाला पंढरपूरमार्गे कळते. बी. रघुनाथ सातोन्यात जन्मले, हैदराबादला शिकले, निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी केली आणि 1953 साली, चाळिशीत, परभणीत वारले. आज त्यांच्या नावाचं सभागृह आहे, तिथं आमचे एजंटांचे मेळावेसुद्धा व्हायचे. शेजारच्या खुर्चीवरच्या पोराला मी एकदा विचारलं होतं, बी. रघुनाथ कोण? "आमदार असतील," म्हणाला. आणि पाथरी! जानेवारी 2020 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासाचा विषय काढला आणि 19 जानेवारीला शिर्डी बंद झाली. दोन्हीकडं पुरावे, दोन्हीकडं ठराव, दोन्हीकडं संताप. ज्या फकिरानं स्वतःच्या जन्माविषयी कुणाला धड कधी काही सांगितलं नाही, त्याचा कायमचा पत्ता लिहून घ्यायला दोन गावं पेन घेऊन उभी होती. मला हसू आलं खरं, पण फॉर्म भरणारीला हसायचा अधिकार नाही.

यावरून आठवलं. 1995 साली परभणीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष नारायण सुर्वे. मी एकोणीस वर्षांची, मंडपात मागं उभी. पुस्तकांच्या स्टॉलवर त्यांचा एक संग्रह दिसला, 'माझे विद्यापीठ'. मला वाटलं, आमच्यावर लिहिलंय! क्वार्टरमधल्या पोरीला विद्यापीठ म्हणजे एकच. विकत घेतलं, घरी आणलं, वडिलांना दाखवलं. भेंडी कुठंच नव्हती. नंतर कळलं की हा माणूस जन्मताच रस्त्यावर टाकून दिलेला, गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं उचलून घरी नेलेला. त्यांच्यासमोर कुणी प्रपोजल फॉर्म ठेवला असता तर दुसऱ्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं असतं, हा विचार मी एजंट झाल्यावर पुष्कळदा केला.

आता थोडं बाईमाणसाचं. कारण पुरुष 'आमची परभणी' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कोपरे असतात. स्टेशनसमोरचा चहा, गांधी पार्कातली पानटपरी, अपना कॉर्नर, रात्री अकराला जांब नाक्यावर थांबवलेल्या गाड्या. मी या शहरात एकोणपन्नास वर्षं काढली, स्कूटीवरून गल्ली न् गल्ली फिरले, पण टपरीवर उभी राहून चहा प्यायलेली नाही. कुणी मनाई केलेली नाही. एकदा कच्छी बाजाराजवळ पावसात अडकले, टपरीच्या पत्र्याखाली उभी राहिले, तर चहावाल्यानं आतून खुर्ची आणून दिली, "मॅडम, बसा," आणि उभी असलेली चार माणसं अदबीनं दुसऱ्या पत्र्याखाली गेली. सगळे इतके चांगले वागले की मी पाऊस थांबायच्या आधीच निघाले.

माझ्या डोक्यात परभणीचा एक वेगळाच नकाशा आहे. कोणत्या भागात कोणाच्या घरी बाथरूमला जाता येतं, याचा. दर्गा रोडला एक शिक्षिका, जिंतूर रोडला एक डॉक्टरीणबाई, गुजरी बाजारात वरच्या मजल्यावरच्या एक मारवाडी आजी. हप्त्यांचा फेरा मी या नकाशाप्रमाणे आखते. त्या मारवाडी आजी वारल्या, तेव्हा क्लेमचे कागद करताना मला खरोखर रडू आलं आणि त्या रडण्यात पाच टक्के तरी स्वार्थ होता.

एकदाच वर्षातून हे शहर माझं वाटतं. फेब्रुवारीत हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो तेव्हा. पाळणे, बांगड्या, मिठाई, भांडी, धूळ आणि गर्दी. त्या गर्दीत नऊवारी, बुरखा, पंजाबी ड्रेस, सगळं रात्री उशिरापर्यंत फिरत असतं आणि कुणाची खुर्ची कुणाला लागत नाही. मी दर वर्षी जाते. नवस नाही, काही नाही. उगंच उभी राहून पाळण्याकडं बघते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. बावीस वर्षांत दुसऱ्या रकान्याला न थांबता 'परभणी' म्हणणारी माणसंही मला भेटली. पहिले भेटले ते जुन्या मोहल्ल्यातले शिवणकाम करणारे एक चाचा. मी सवयीनं विचारलं, "कायमचा पत्ता? गाव?" त्यांनी मशीनवरून मान वर केली नाही. "येइच लिखो ना बाजी. बाप यहीं, दादा यहीं, कब्रस्तान भी यहींच है. और किधर जाते?" दुसऱ्या, स्टेशनकडच्या वस्तीतल्या एक मावशी, दवाखान्यात सफाईच्या कामाला. "लिव्ह की परभनी. गावाकडं काय हाय आमचं? गावकुसाबाहेर एक खोपट होतं, ते बी पडलं. कायमचं म्हणावं असं तिथं काय होतं, माय?" मी लिहिलं. लिहिताना माझ्या लक्षात आलं की, ज्या गावाचं नाव बाकीचे एवढ्या मायेनं सांगतात, त्याच गावानं या बाईला कायमचं म्हणून कधी धरलंच नव्हतं. तिला शहरानं निदान पत्ता दिला.

त्यानंतर मी लक्ष ठेवून पाहायला लागले. बिनदिक्कत परभणी लिहिणारे म्हणजे जुन्या मोहल्ल्यांतले मुसलमान, वस्त्यांमधले बौद्ध, मातंग, काही जुने व्यापारी, पिढ्यान् पिढ्या धुण्याचं काम करणारी घरं. आणि गंमत पाहा, 'तुम्ही नेमके कुठले?' असं ज्यांना शहरात सगळ्यात जास्त ऐकावं लागतं तेही हेच. मी एजंट झाले त्याच वर्षी, 21 नोव्हेंबर 2003 रोजी, शुक्रवारच्या नमाजाच्या दिवशी इथल्या मोहम्मदिया मशिदीत बॉम्बस्फोट झाला. 10 डिसेंबर 2024 रोजी स्टेशनजवळच्या डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ, मग धरपकड आणि 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीतल्या एका तरुणाचा मृत्यू. त्या आठवड्यात माझे फोन चालू होते. वसमत रोडकडचे बरेच जण म्हणाले, "मॅडम, आम्ही जरा गावाकडं आलोय, शांत झालं की येतो." वस्तीतल्या मावशी म्हणाल्या, "घरीच हाव. कुटं जावं?"

तेव्हापासून माझं स्वतःचं उपरेपण मला थोडं लाडावलेलं वाटायला लागलंय. मला हे शहर आपलं वाटत नाही, म्हणून मी लेख लिहिते. मावशींना ते आपलं वाटतं का, हे कुणी विचारलेलंच नाही. त्यांच्याकडं दुसरा रकाना नाही.

माझा राग आहे तो यावर. शहराचे निर्णय ज्या टेबलांवर होतात त्या टेबलांभोवती बसणारे बहुतेक जण दुसऱ्या रकान्यात गाव लिहिणारे आहेत. त्यांचं म्हातारपण पुण्यात ठरलेलं आहे, लेकरं लातूरच्या क्लासला आहेत, हुरडा गावाकडं होतो. नळाला पाणी आठव्या दिवशी आलं काय, दहाव्या दिवशी आलं काय, त्यांच्याकडं बोअर आहे आणि बोअर आटला तर टँकर आहे. 2011 साली परभणीची महानगरपालिका झाली. 'महानगर' हा शब्द पाटीवर चढला, पण या महानगराचे आपण आहोत असं कागदावर लिहायला अजून त्यांचा हात उचलत नाही. ज्या घरात आपण भाडेकरू आहोत असं माणूस मनात धरून बसतो, त्या घराच्या छताला गळती लागली की तो बादली सरकवतो, कौल बदलत नाही. आमच्याकडं बादल्या फार झाल्यात.

आणि ज्यांचा कायमचा पत्ता हाच आहे, त्यांच्या गल्लीपर्यंत रस्ता पोचायला सगळ्यात उशीर. हे मी आकडेवारीवरून सांगत नाही, स्कूटीच्या शॉकॲब्सॉर्बरवरून सांगते.

संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला पुण्याच्या ट्रॅव्हल्स निघतात. तिथं दहा मिनिटं उभं राहिलं तरी शहर कसं रिकामं होतं ते कळतं. पाठीवर बॅगा, हातात धपाट्यांचा डबा, आईच्या डोळ्यांत पाणी, बापाची नजर मोबाइलवर. माझा मुलगाही चार वर्षांपूर्वी असाच गेला. तिथं तो स्वतःला 'मराठवाड्यातला' म्हणवतो. फारच कुणी खोलात गेलं तर 'नांदेडच्या अलीकडं'. मी एकदा म्हटलं, "परभणी म्हण की." तर म्हणाला, "मम्मी, मग पुढचे दोन प्रश्न येतात. नांदेड म्हटलं की एकावर भागतं." मी त्याला काय बोलणार? पुण्यातल्या एका मेळाव्यात मी स्वतः "फॉर्म भरून घ्यायलेय" म्हटलं, आजूबाजूला हसू फुटलं आणि पुढचा दिवसभर मी 'घेत आहे', 'करत आहे' असं बोलत होते. रात्री हॉटेलच्या खोलीत फोनवर घरी "काय करायलात?" म्हटल्यावर जबडा सैल झाला.

परवा रात्री दीडच्या सुमाराला नळ आला. मी मोटार लावून जिन्यात बसले होते. मुलाचा फोन आला, त्याची रात्रपाळी असते, मी पाण्यासाठी जागी असते, हा आमचा बोलायचा वेळ. कंपनी त्याला बाहेर पाठवणार म्हणून तो पासपोर्टचा अर्ज भरत होता.

"सध्याचा पत्ता पुण्याचा टाकला," म्हणाला. "कायमचा काय टाकू? मानवत टाकू का? आजोबांच्या सगळ्या कागदांवर तेच आहे."

"तिथं पोलीस चौकशीला गेले तर दार कोण उघडील?"

तो थोडा वेळ गप्प बसला. टाकीत पाणी पडल्याचा आवाज त्याला तिकडं ऐकू जात असावा.

"आलं का पाणी?"

"आलंय."

"बरं, पिनकोड सांग मग. दोन आहे का एक?"

"शेवटी एक," मी म्हटलं. "चार तीन एक, चार शून्य एक."